बारा कुलपं, एक किल्ली

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी कमरेशी जातो. तेव्हा तिथे किल्ली असायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. महाल भागातल्या वाहतूक चौकीवर मी नवी फौजदार. वर्दीला इस्त्री होतीच, मानेला त्याहून कडक होती. रस्ते अरुंद, त्यात ऑटो कुठेही उभे. पावती फाडली तरी ऑटोवाले दुसऱ्या दिवशी तिथेच. मग मी युक्ती काढली. चाकातून साखळी ओवायची, कुलूप ठोकायचं. मालकाने चौकीवर यावं, दंड भरावा, मला फुरसत होईपर्यंत बाकावर बसावं. "बाई, घाई हाये," असं सगळेच म्हणत. मी कुणाचंच ऐकत नसे. बाराही कुलपं एका किल्लीने उघडतील अशी घेतली होती. केवढी हुशार होते मी!

त्यातलं एक घरी नेलं, दाराचं कुलूप बिघडलं म्हणून. सरकारी वस्तू घरी नेऊ नये, हे मी हवालदारांना शिकवत असे.

मे महिन्यात एक कुलूप साखळीसकट गायब झालं. आठवडाभरात बाकीच्या साखळ्याही उघड्या सापडू लागल्या. कुठे तोडल्याची खूण नाही. चोराने कुलूप चावीवाल्याला दाखवून किल्ली घडवली होती, हे उघड होतं. मी बंदोबस्त वाढवला. घरच्या कुलपाचा विचार मनाला शिवला नाही.

एका दुपारी चौकीसमोरचा पानवाला हळूच म्हणाला, "बाई, जपून राहा. ऑटोवाले म्हनून राहिले होते, आता बाईले तिच्या घरीच पाहतो."

मी हसण्यावारी नेलं, पण डबा अर्धाच ठेवून बंद केला. घरी माझी सात वर्षांची मुलगी एकटी होती. शाळेला सुट्टी, नवरा रेल्वेत फिरतीवर, शेजारच्या मावशी लग्नाला गावी. तिला आत ठेवून मी बाहेरून कुलूप लावून येत असे.

तासाभरात हवालदाराने एका ऑटोवाल्याला आणलं. त्याच्या सीटखाली आमची गायब झालेली साखळी सापडली होती. ऑटो चौकीसमोरच बांधून टाकला. चौकशी मीच केली.

"किल्ली कुठे आहे?"

"माह्या साळ्यापाशी."

"मेहुणा कुठे आहे?"

त्याने मान खाली घातली. मी टेबलावर रूळ आपटला.

"तुमच्या घराकडं गेला. लय तापला होता बाई. परवा तुमी त्याचा ऑटो दिवसभर बांधून ठेवला ना."

"माझ्या घराला कुलूप आहे," मी म्हणाले.

त्याने मान वर केली. "कोन्तं?"

बारातलंच एक. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात मी धावत बाहेर आले.

चौकीत जीप नव्हती. समोर होता तो ऑटो, मीच बांधलेला. घाईत किल्ली कुलपात जाईना. आरोपीने ती माझ्या हातातून घेतली आणि साखळी सोडवली. "आमचा त अर्धा दिवस जाते बाई यात," एवढंच बोलला आणि ऑटो सुरू केला.

सक्करदऱ्याला माझ्या घरापर्यंत रस्त्यावर माणूस नव्हतं, सगळी दारं-खिडक्या बंद. मी मनातल्या मनात मुलीला हाका मारत होते. कुठल्या देवाला काय कबूल केलं, आठवत नाही.

दार सताड उघडं होतं. कुलूप पायरीवर पडलेलं. आतून आवाज नाही.

आत, परवा दिवसभर बाकावर बसवलेला तोच माणूस जमिनीवर बसला होता. मुलीचं डोकं त्याच्या मांडीवर, कपाळावर त्याचा ओला दुपट्टा. तो वर्तमानपत्राने वारा घालत होता. लाइन गेली होती, कूलर बंद, आणि खोलीची भट्टी झाली होती.

"दाराले आनखी एक साखळी घालून जाव म्हनलं होतं," तो म्हणाला. "तुमालेबी बाहेर उभं राहा लागावं म्हनून. त आतून पोरगी दार ठोकून राहिली होती, पानी पानी करून. तुमचं कुलूप पाह्यलं त आमच्याच किल्लीचं." मग त्याचा आवाज चढला. "काहून कोंडलं वं लेकराले?"

वर्दीतल्या बाईला 'वं' असं एकेरीत म्हणणारा तो पहिला. मी ऐकून घेतलं. मुलीने डोळे उघडून "आई" म्हटलं, तेव्हा त्याच्या हातातलं वर्तमानपत्र घेऊन मी वारा घालू लागले.

साहेबांना मी सगळं लिहून दिलं, घरच्या कुलपासकट. दोघा ऑटोवाल्यांना ताकीद मिळाली, मला मेमो. मेमो कमीच होता. त्या माणसाने रागात ठरवलं तेवढंच केलं असतं, दाराला साखळी घालून निघून गेला असता, तर? या प्रश्नापाशी मी आजही थांबते.

त्यानंतर कुठल्याही चाकाला कुलूप घालण्याआधी मी ऑटोत डोकावून बघे, चालकाला विचारे, "घाई कसली आहे?" ऐकून घेई. पावती फाडायचीच, तेवढी खोड गेली नाही.

मुलगी आता चाळिशी ओलांडून गेली. घराबाहेर पडताना ती उंबऱ्यात उभी राहून रिकाम्या घरात तीनदा विचारते, "आत कोणी आहे का?" नातवंडं हसतात. मी मात्र तिच्याबरोबर कान देऊन ऐकते.