गुरुवारचे बोंबील

अण्णा, म्हणजे माझे वडील, कधी फोन करून येत नाहीत. आयुष्यभर एसटीत मेकॅनिक होते, त्यामुळे गाडी जिथवर जाते तिथवर आपलंच घर, असा त्यांचा हिशेब. त्या गुरुवारी पाथर्डीहून निघून, नगरला गाडी बदलून ते दुपारी राहात्यात माझ्या दारात उभे राहिले. हातात पिशवी होती, आणि तिचा वास त्यांच्याआधी घरात शिरला.

"बोंबील आनलेत बाजारातून. आत्ताच कर, दोघं खाऊ."

त्या दिवशी माझा उपास होता. अकरातला सातवा.

आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. तेव्हापासून आमच्याकडे नवस नाही, अंगारा नाही, उपास तर नाहीच. मीही शाळेत प्रसाद वाटणाऱ्या मैत्रिणींशी भांडायचे. पण यंदा पावसाळा संपता संपता नवऱ्याला डेंगी झाला, पेशी उतरत चालल्या, आणि दवाखान्याच्या बाकावर शेजारीण म्हणाली, अकरा गुरुवार धर. मी धरले. तो बरा झाला. औषधाने की गुरुवारांनी, मला माहीत नाही, आणि मला ते ठरवायचंही नाही. सकाळी मी बुद्धवंदना म्हणते, गुरुवारी उपास करते. दोन्ही मनापासून.

पण हे अण्णांना कसं सांगणार? माझ्या चुलत्यांनी घरात सत्यनारायण घातला, त्या दिवसापासून अण्णांनी सख्ख्या भावाच्या घरचं पाणी सोडलंय. उद्या माझ्या घरचं सोडलं तर?

मी बोंबील भाजले, कालवण केलं, भाकरी थापल्या. पित्त झालंय म्हणता आलं असतं, पण ऐन वेळी अक्कल कुठे जाते कोण जाणे. त्यांनी लहानपणासारखा मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला. मी खाल्ला. नवरा पेरूंचा टेम्पो घेऊन नाशिकला गेला होता आणि सकाळपासून त्याचा फोन नव्हता. आज उपास मोडला, आजच तो रस्त्यावर. डोक्यात नुसता घाट आणि उलटलेला टेम्पो. मूर्खपणा आहे हे कळत होतं. तरी नजर सारखी मोबाईलकडे जात होती.

"कांदा हाय का?" म्हणत अण्णा स्वतःच उठले. कांद्याच्या टोपलीवर मी एक पातेलं झाकून ठेवलं होतं. त्यांनी झाकण उचललं. आत भिजवलेला साबुदाणा.

"शेजारणीचा आहे," मी म्हणाले. शेजारणीचा साबुदाणा माझ्या घरात कशाला भिजेल?

अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग माझ्या ताटाकडे. कांदा न घेताच येऊन बसले.

"उपास धरतीस?"

"हो."

"जावयासाठी?"

मी मान हलवली. त्यांनी तांब्यातल्या पाण्याने ताटातच हात धुतला. पाण्याचा पेला भरलेला होता, त्याला शिवले नाहीत. मला वाटलं, संपलं.

"मला हे पटत न्हाई," ते म्हणाले. "मरंस्तवर पटनार न्हाई. पर तू ठरीवलं हुतं, तर माज्यापायी कशाला मोडलास?"

"तुम्ही यायचे बंद झाला असतात, अण्णा."

त्यांनी ताट बाजूला सारलं.

"माज्या बानं देव सोडले ते कुनाला भ्यावं लागू नये म्हनून. आन तू मलाच भ्यालीस व्हय गं?"

मला रडू फुटलं. डोळे पुसायला त्यांना जमत नाही, कधीच जमलं नाही. म्हणाले, "फोन लाव त्याला. कवाधरनं मोबाईलकडं बघायलीस."

नवऱ्याने तिसऱ्यांदा उचलला. सिन्नरला मिसळ खात होता. मोबाईल सकाळपासून बंद पडला होता म्हणे, आत्ता हॉटेलात चार्जिंगला लावला.

तेव्हा अण्णांनी पेला उचलला आणि पाणी एका दमात पिऊन टाकलं. रिकामा पेला माझ्यापुढे धरला, "आनखी दे" म्हणाले. मी भरून दिला.

चार वाजताच्या गाडीला निघाले. चपला घालता घालता दारातून म्हणाले, "आता गुरवारी न्हाई यायचो. शुक्करवारी यीन."