गरोदरपणात चालणारी गोळी

कुत्रं धापा टाकतं, मांजर टाकत नाही. टाकलं तर समजायचं, गंभीर आहे. ठकी टेबलावर तोंड उघडून धापत होती. चेहरा सुजलेला, पोट पिल्लांनी भरलेलं. मी तिचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. निरोगी मांजराच्या हिरड्या गुलाबी असतात. हिच्या कात खाल्ल्यासारख्या तपकिरी झालेल्या.

"मोरेकाका, ऑक्सिजन!" मी माझ्या मदतनिसाला ओरडून सांगितलं. मग बाईंकडे वळले. "काय खाल्लं हिने?"

"काही नाही मॅडम. दुपारपासून अशी करतेय."

या जाधव सिस्टर. दिव्याला राहतात, सरकारी हॉस्पिटलच्या प्रसूती वॉर्डातून रिटायर झालेल्या. ठकी त्यांची नव्हे, शीळफाट्याला एका टपरीखाली सापडलेली. कायमचं घर मिळेपर्यंत कोणीतरी तात्पुरतं सांभाळायचं, त्याला आमच्यात फॉस्टर म्हणतात. सिस्टर हौसेने फॉस्टर झालेल्या. आठवड्यापूर्वी पहिल्यांदा डोंबिवलीला माझ्याकडे आल्या तेव्हा मी म्हटलेलं, "गरोदर आहे, लस आत्ता द्यायची नाही, आतल्या पिल्लांना बाधू शकते. तुमच्या घरच्या बोक्यापासून वेगळी ठेवा, रस्त्यावरून काय घेऊन आलीय कोणास ठाऊक. पिल्लांचं खाणं असतं ना, तेच हिला द्या, त्यात ताकद जास्त." सिस्टर हसून म्हणालेल्या, "मॅडम, आयुष्यभर बाळंतपणंच केलीत. हिचं काय अवघड आहे!"

मला बरं वाटलेलं. म्हटलं, चला, एक तरी शहाणं माणूस आलं.

तर आता हिरड्या तपकिरी. रक्ताचं ऑक्सिजन वाहून न्यायचं काम बिघडलं की असा रंग येतो. कारणं मोजकीच असतात, आणि पहिलं मला पाठ आहे.

"तापाची गोळी दिलीत का? दुखण्याची?"

"नाही."

"नक्की?"

"मी सिस्टर आहे मॅडम. अशी कशी देईन?"

अर्धंमुर्धं पटलं मला. मग माझी उलटतपासणी सुरू झाली. कपाटात डांबराच्या गोळ्या आहेत का? नाहीत. कांदा घातलेलं काही खाल्लं? नाही. शेजाऱ्यांनी काही टाकलं? माहीत नाही. माझ्या केबिनचं दार सताड उघडं असतं आणि बाहेर बाकावर माणसं बसलेली. माझा आवाज चढत गेला. "अहो, काहीतरी गेल्याशिवाय असं होतं का? हवेतून आलं का विष? चोवीस तास घरी बसून एक मांजर बघता येत नाही?"

मोरेकाकांनी ऑक्सिजनचा मास्क धरलेला, पण ठकीचा रंग काही बदलेना. खरं तर संशय आला तेव्हाच उतारा मागवायला हवा होता. तो माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतो, गरज नसताना दिला असता तरी बिघडलं नसतं. पण मला आधी कबुली हवी होती. डॉक्टर कमी आणि फौजदार जास्त झालेले मी.

तेवढ्यात बाहेर एका लॅब्रेडॉरने कोणाच्या तरी पिशवीवर पाय वर केला. भांडण मिटवायला मी उठून बाहेर गेले. परत आले तर सिस्टर टेबलावर वाकून ठकीच्या कानाशी बोलत होत्या. मी दारातच थांबले.

"माफ कर गं बाई. मीच दिली तुला. मला वाटलं, चालते."

मांजराला सांगता आलं त्यांना, मला नाही.

मी दार लावून घेतलं. स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसले आणि जमेल तितक्या हळू विचारलं, "किती दिली, सिस्टर?"

"पाव गोळी. पॅरासिटामॉल." त्या अजून ठकीकडेच बघत होत्या. "सकाळी अंग गरम लागलं हो तिचं. वॉर्डात गरोदर बाईला ताप आला की हीच द्यायचो आम्ही, पोटातल्या बाळाला काही होत नाही म्हणून. किती जणींना दिली असेल मी!"

चूक होती, पण अडाणीपणाची नव्हती. बायकांसाठी सिस्टरांचं बरोबरच होतं. मांजराच्या लिव्हरला मात्र हे औषध पचवताच येत नाही. पाव गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

मोरेकाका मेडिकलकडे पळाले. उतारा सलाइनमधून सुरू केला, जोडीला व्हिटॅमिन सी. हात कामात होते, तरी माझ्या तोंडून निघालंच, "मघाशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मागच्या वेळी तो माणूस आलेला ना, कुत्र्याला स्वतःची गोळी दिलेली. तुम्ही त्याला सगळ्यांसमोर म्हणालात, डिग्री कुठून आणली, भंगारातून? सगळे हसले. मी पण हसलेले, मॅडम." त्यांनी पदराने नाक पुसलं. "मग मी, सिस्टर असून, कुठल्या तोंडाने सांगणार?"

मला तो माणूस आठवला. त्याचा लाल झालेला चेहरा आठवला. माझा तो विनोद मला फार आवडलेला, घरी जाऊन नवऱ्याला रंगवून सांगितलेला. त्या क्षणी सिस्टरांच्या डोळ्याला डोळा देता येईना. सलाइनची नळी ठीक चालत असूनही मी तीच तपासत बसले.

ठकी वाचली. दुसऱ्या दिवशी हिरड्यांवर गुलाबी झाक आली आणि तिने मोरेकाकांना बोचकारलं. पुढच्या आठवड्यात व्याली. दोन पिल्लं जिवंत, दोन मेलेली.

सिस्टरांचा फोन आला. "माझ्या गोळीमुळे गेली ना?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं. ते खरंच आहे. आईला ऑक्सिजन कमी पडला की पोटातल्यांना आधी फटका बसतो. उताऱ्याआधीचा किती वेळ गोळीने खाल्ला आणि किती माझ्या ओरडण्याने, हे कुठल्याच तपासणीत कळत नाही. माझ्यामुळेही उशीर झाला, एवढं तरी त्यांना म्हणायला हवं होतं. ओठांवर आलेलं. मी म्हटलं, "काळजी घ्या," आणि फोन ठेवला. त्याची लाज मला त्या ओरडण्यापेक्षा जास्त वाटते.

तर वाचकहो, मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, गरोदर असो वा नसो. दिलंच असेल तर डॉक्टरने विचारायच्या आधी सांगा. डॉक्टर ओरडणारा असेल तरी सांगा. आणि ओरडणाऱ्या डॉक्टरांना काय सांगायचं, ते मी रोज स्वतःला सांगते. निम्म्या वेळा ऐकते.

पिल्लांच्या लसीची वेळ झाली तशी मी वाट पाहिली. फोन केला नाही. मग कळलं, सिस्टर त्यांना टोपलीत घालून कल्याणच्या एका डॉक्टरकडे नेतात. मला ज्युनिअर होता तो कॉलेजात. हळू बोलतो, तेव्हाही बोलायचा.

दिव्याहून लोकलने कल्याणला जाताना मध्ये डोंबिवली लागते. सिस्टर उतरत नाहीत. त्यांच्या जागी असते तर मीही उतरले नसते.