मांडीवरचा बिब्बा

सासऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. पण मनात अढी बसली ती कुत्र्याच्या गाठीपायी.

आमच्या काळ्या कुत्र्याचे गोचीड काढताना मागच्या उजव्या मांडीवर सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दाबली तर हलेना. माहेरच्या कुत्रीला चरबीची गाठ होती, ती बोटाखाली इकडून तिकडे सरकायची. ही मांसाला धरून बसली होती. दवाखान्यात नेऊ या, मी म्हणाले. सासरे हसले.

"आवाळू आहे ते, चरबीचं. तुले काय समजते वं?"

दुसऱ्या दिवशी मी नळावर पाण्याला गेले असताना त्यांनी दिव्यावर बिब्बा तापवला आणि सुईने त्याचं तेल गाठीवर लावलं. गावाकडे बैलाच्या सुजेवर लावतात, म्हणून कुत्र्यालाही. चार दिवसांत कातडी फुटून जखम झाली. मग मात्र निघाले दवाखान्यात. तिथे सांगितलं, चुलीजवळ भाजलं. बिब्ब्याचं नाव नाही, गाठीचं नाही. डॉक्टरांनी भाजल्याचं मलम दिलं. मी शेजारी डोक्यावर पदर घेऊन मुकी उभी. त्याची लाज मला अजून वाटते.

दोन महिने मलम चोळलं. गाठ कवठाएवढी झाली. तेव्हा मी एकटीने रिक्षा केली आणि डॉक्टरांपुढे सगळं ओकले. त्यांनी गाठ दाबून पाहिली, तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला.

"बाई, सुपारीएवढी होती तेव्हाच भोवतालच्या मांसासकट काढली असती, तर पाय राहिला असता," ते म्हणाले. "आता पाय कापला तरच कुत्रा वाचेल."

घरी सासऱ्यांनी थयथयाट केला. दारात लंगडं जनावर नको, मेलं तर मरू दे म्हणाले. आधी मांडीवर बिब्बा, आता कामात बिब्बा. मी त्यांना न विचारता ऑपरेशनच्या कागदावर सही केली. महिनाभर त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. बरंच झालं, दूध वाचलं.

कुत्रा जगला, चांगला म्हातारा होईपर्यंत. आणि फाटकाशी सासऱ्यांची सायकल वाजली की तीन पायांवर उड्या मारत सगळ्यांच्या आधी त्यांच्याकडेच जायचा. तेही "ये बेटा" म्हणत त्याचं डोकं खाजवायचे. मला दर वेळी तो बिब्बा तापवून त्यांच्या कपाळावर लावावासा वाटे.