पानशेतच्या वाटेवर रेवाचिनी

साताऱ्याहून सकाळी निघालो तेव्हा माझ्या नवऱ्याने, माधवने, थर्मास मांडीवर घेतला होता. गाडी मी चालवत होते. पानशेतला त्याच्या कॉलेजमधल्या मित्राचं घर आहे, तिथे दोन दिवस राहायचं ठरलं होतं.

थर्मासमध्ये चहा नव्हता. माधवच्या एका जुन्या सहकाऱ्याने चीनहून कसल्याशा मुळाच्या पिवळट चकत्या आणून दिल्या होत्या. तिकडे त्याला 'दा हुआंग' म्हणतात, आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात रेवाचिनी. पोट साफ राहावं म्हणून माधव त्याचा काढा घेत होता. डॉक्टरांना विचारलंस का, असं मी म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर असे, "झाडाचं मूळ आहे गं, त्याला काय विचारायचं?"

सारोळ्याला नीरेचा पूल ओलांडला आणि त्याने गाडी थांबवायला सांगितली. एका हॉटेलात गेला तो बराच वेळ आलाच नाही. नसरापूरला पुन्हा तेच.

"आज जरा दाट झालाय काढा," तो म्हणाला.

मार्गासनीच्या रस्त्याला लागलो तेव्हा खाचरांत (बांध घातलेल्या भातशेतांत) कापणी चालली होती. समोर तोरणा निळसर दिसत होता. माझं लक्ष मात्र माधवच्या कपाळाकडे होतं. गाडीत गार हवा असूनही त्याला घाम फुटला होता.

"पायात गोळे येतायत," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "छातीत धडधडतंय."

रस्त्याकडेच्या पहिल्याच घरासमोर मी गाडी थांबवली. अंगणात एक बाई भाताच्या पेंढ्या झोडत होत्या. मी काही सांगायच्या आत त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं.

"आदी पडवीत निजवा त्यास्नी," त्या म्हणाल्या. "काय खाल्लं बाहेरचं?"

"खाल्लं नाही. औषध घेतलं."

त्यांनी मीठ घातलेली तांदळाची पेज आणली. "घोट घोट प्या, दादा. घाई न्हाई." दोन घोटांत माधवने मान फिरवली. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी गाडीची किल्ली घेऊन उठले. बाईंच्या यजमानांनी ती माझ्या हातातून घेतली.

"ताई, तुमी मागं बसा. वेल्ह्याला दवाखाना हाय. मी नेतो."

वेल्ह्यापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. माधवची नाडी तेवढी आठवते. मध्येच ती चुकायची.

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी सलाइन लावलं, हृदयाचा आलेख काढला आणि कुठली औषधं चालू आहेत ते विचारलं. रक्तदाबाच्या गोळीचं नाव ऐकून त्या थांबल्या.

"या गोळीने लघवीतून क्षार जातात. त्यात हे जुलाबाचं मूळ. पोटॅशियम घसरलं की ठोके बिघडतात. एवढं कशासाठी घेत होतात, काका?"

माधवने भिंतीकडे तोंड वळवलं. मग हळूच म्हणाला, "संडासवाटे रक्त पडतं. बरेच महिने झाले."

मी त्याचा हात धरून उभी होते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"अण्णांचं असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला. अण्णा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, आतड्याच्या कर्करोगाने गेला. "मला वाटलं, पोट साफ राहिलं तर ते होणार नाही."

डॉक्टरांनी आम्हाला भोरच्या रुग्णालयात पाठवलं. तिथे रक्त तपासलं, पोटॅशियम बरंच खाली गेलं होतं. रात्रभर थेंब थेंब औषध चालू होतं. सकाळी त्याने इडली मागितली, तेव्हा मी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

परतताना तो म्हणाला, "तुला उगीच घोर नको, म्हणून बोललो नाही."

"आणि एकट्याने घेतलास तो घोर?"

मी गाडी चालवत राहिले.

साताऱ्यात दुर्बिणीने तपासणी झाली. आतड्यात एक लहान गाठ सापडली. पुढे कर्करोग होऊ शकला असता, अशी. ती त्याच वेळी काढली. मग ती तपासायला पाठवली. अहवाल चांगला आला.

पानशेत अजून पाहायचं राहिलंच आहे. इतकी वर्षं शेजारी झोपणारा माणूस कशाला घाबरतो, हे कळायला मला वेल्ह्यापर्यंत जावं लागलं. हल्ली माधव साधा करपट ढेकर आला तरी मला सांगतो. मी हातातलं काम ठेवून ऐकते.