हिरड्याखालचा दगड

भंडारदऱ्याच्या पाण्याकडे उतरणाऱ्या वाटेवर तो बंगला आहे, पण नवख्या माणसाला तो चटकन दिसत नाही. पाटी नाही, कमान नाही, फाटकावर सिंह नाहीत. मातीच्या रंगाच्या भिंती डोंगराच्या अंगात मिसळून गेलेल्या. आत गेलं की दिवा कुठे आहे ते कळत नाही, नुसता उजेड असतो, जाणत्या माणसाने रंगमंचावर संध्याकाळ उतरवावी तसा. पुण्याच्या दिशाताईंनी हा बंगला पाहुण्यांसाठी रेखला. काम चालू असताना त्या गवंड्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, "इथलं काहीही ओरडता कामा नये."

आक्काबाईला ते बोलणं मनापासून पटलं होतं. ती आयुष्यात कधी ओरडली नव्हती. नवरा पटकीसारख्या आजाराने गेला तेव्हा नाही, दिराने आणि थोरल्या मुलाने, हनुमंताने, उताराची जमीन विकली तेव्हाही नाही. भाताची आवणी करत, हिरडा वेचत तिने दोन पोरं वाढवली. हनुमंत तिच्यासारखाच अबोल. धाकटा गोरक्ष मात्र कुणावर गेला होता देव जाणे. बोहाड्याच्या उत्सवात तो सोंग घेऊन उभा राहिला की मशालीच्या उजेडात अख्खं गाव श्वास रोखून बघायचं, आणि मुखवटा काढून त्याने सरपंचांच्या चालण्याची नक्कल केली की सरपंचच आधी हसायचे. काजव्यांच्या दिवसांत तो पर्यटकांना रान दाखवायचा. धुक्यात अडकलेली एका पाहुण्याची गाडी वळवून देताना मागून टेम्पो आला. संपलं.

त्यांच्या भावकीत गेलेल्या माणसाचा दगड बसवतात. मामाने नदीतून दगड आणायचा, वर्षभर तो शेताच्या कडेला उघडा ठेवायचा, वर्ष भरलं की शेंदूर लावून थोरल्यांच्या रांगेत उभा करायचा. तोवर गेलेल्याचं नाव दगडाजवळ घ्यायचं नाही. घेतलं तर तो परत फिरतो, घर शोधत राहतो. आक्काबाईच्या भावाने, ज्ञानेश्वरने, प्रवरेतून काळाभोर गोटा आणला. माणसाच्या डोक्याहून मोठा, मधून एक पांढरी शीर गेलेली. तो रांगेजवळच्या हिरड्याखाली ठेवला.

आणि त्याच वर्षी त्या विकलेल्या उतारावर बंगल्याची आखणी सुरू झाली.

मुकादम रविराज भला माणूस. शेंदराचे दगड दिसताच त्याने काम थांबवलं, नारळ फोडला, आणि एकेक दगड पोराबाळासारखा उचलून पलीकडच्या माळावर रांगेने बसवला. उरला तो एकच, बिनशेंदराचा. वर्ष भरायचं होतं, त्याला रांगेत कसं बसवणार? घरी न्यावा तर उंबरा ओलांडून आणता येत नाही. आक्काबाई रविराजकडे गेली.

"दादा, ह्यो दगड नीट ठेव. कुनाला देऊ नको."

"काय हाय त्याच्यात एवढं?"

नाव तिच्या जिभेवर आलं होतं. दगड दोन हातांवर होता. तिने नाव गिळलं.

"चांगला हाय. नदीचा हाय," एवढंच ती म्हणाली.

"मावशी, तुमची पारख लई भारी," रविराज हसला. "आमच्या बाईंना तुमच्यासारखीच मानसं पायजेत."

त्याने शब्द पाळला. दगड पोत्यात गुंडाळला आणि शेडमध्ये ठेवला. तिथेच दिशाताईंनी निवडलेल्या वस्तू जपून ठेवल्या जात. जुनी दारं, सागाचे खांब, तांब्याचे हंडे. आक्काबाई अधूनमधून डोकावून जायची. पोतं जागेवर दिसायचं. तिला बरं वाटायचं.

पाऊस सुरू झाला आणि आवणीत तिचं जाणं थांबलं. वर्ष भरत आलं तेव्हा ती शेंदूर आणि तेल घेऊन गेली. शेड पाडलेली होती. बंगला उभा होता. हनुमंत तिथे राखणदार म्हणून लागला होता आणि तिलाही साफसफाईला बोलावलं होतं. पाहुण्यांच्या खोलीशेजारच्या न्हाणीत ती फडकं घेऊन शिरली.

पांढरी शीर तिने आधी पाहिली. मग बाकीचं. दगड वरून कोरून पोकळ केला होता, आतून आरशासारखा घोटला होता. खाली पाणी जायला भोक. वर भिंतीतून बारीकशी पितळी तोटी. कुठे नक्षी नाही, चकाकी नाही. फार सुंदर दिसत होता तो.

हनुमंत दारात येऊन उभा राहिला. त्याने आईकडे पाहिलं, मग दगडाकडे. त्याला तेव्हा कळलं.

"आये," तो हळूच म्हणाला, "कुनाला ठाव हुतं का? तू तरी बोलायचंस."

"त्याच्याजवळ कसं बोलू?"



पुढल्या खेपेला दिशाताई आल्या तेव्हा आक्काबाईने त्यांना न्हाणीबाहेर, दूर ओसरीवर नेऊन सांगितलं. ती पोर ऐकून खूप रडली. खोटं नव्हतं ते. "आक्का, मी आज काढून देते. आत्ता काढायला लावते. मला माफ करा." आक्काबाईनेच तिच्या पाठीवर हात फिरवला. तिच्या वयाचाच होता गोरक्ष.

"थांबा जरा. माज्या भावाला इचारते."

ज्ञानेश्वर येऊन न्हाणीत उभा राहिला. पागोटं काढून हातात घेतलेलं. बाहेर आला आणि हिरड्याला टेकून बसला.

"आक्के, खंडला हाय त्यो. बसवता येत न्हाई. रांगेत घेनार न्हाईत त्याला."

"दुसरा आनशील?"

"एका मानसाला एकच. दुसरा आनला तर त्यो दुसऱ्या कुनाचा व्हतो. तुज्या हनुमंताला आनू का?" बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

"मग करायचं काय?"

"खंडलेलं पान्यात सोडायचं. धरनात."

समोर धरणाचं पाणी पसरलं होतं, करडं, निश्चल. नदी त्याच्याच तळाशी कुठेतरी होती. एकदा आत सोडलं की संपलं. हात लावायलाही काही उरणार नाही.

आक्काबाई दिशाताईंकडे गेली. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "काढू नका."

"पण लोक त्यात..." दिशाताईंनी न्हाणीकडे पाहिलं.

"व्हय. मी हाय की धुवायला."

आता हनुमंत सांगून सांगून थकला, पण तिने ते काम सोडलं नाही. वर्ष कधीच भरून गेलं. तरी नाव घ्यायची सोय नाही, कारण दगड बसलाच नाही. माळावर थोरल्यांची रांग शेंदराने लाल आहे. शेवटच्या दगडापुढे एकाची जागा मोकळी होती, तिथे आता गवत वाढलंय.

परवा एक पाहुणी दात घासता घासता तिला म्हणाली, "मावशी, किती साधा आणि किती सुंदर आहे हा दगड. कुठला हो?"

"नदीचा हाय."

पाहुणीने चूळ भरली, थुंकली, तोटी बंद केली आणि गेली. फेस भोकाभोवती गोल फिरत राहिला. आक्काबाईने दार लोटून घेतलं. स्वच्छ पाणी घातलं, बोटांनी कडेकडेने चोळलं, पांढऱ्या शिरेवरून दोनदा अंगठा फिरवला. बाजूला पाहुण्यांचे मऊ टॉवेल घडी करून ठेवलेले होते. त्यांना ती हात लावत नाही. तिने पदर घेतला आणि तो पोकळ दगड आतून बाहेरून कोरडा केला. लहानपणी गोरक्षला सर्दी फार व्हायची, डोकं ओलं राहिलेलं त्याला सोसत नसे.

बाहेर दुसऱ्या पाहुण्याने दार वाजवलं. ती बाजूला झाली.