शुक्रवारचा दवाखाना

दवाखाना भरवायला पहिल्या रविवारी ठाण्याहून तीन डॉक्टर आले. आम्ही आळीतल्या बायकांनी समाजमंदिरात बाकं मांडली, पाणी उकळून ठेवलं, आणि पेशंट आले ते आमच्याच आळीतले दोन म्हातारे. भिवंडीत लूम, म्हणजे यंत्रमाग, रविवारी नाही, शुक्रवारी बंद असतात. मी त्याच दुपारी हे डॉक्टरांना सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून तिघेही आपापले दवाखाने शुक्रवारी दुपारी बंद ठेवून येऊ लागले, आणि हॉल भरला. लहान कारखान्यांतल्या माणसांना ना विमा होता ना आजारपणाची रजा. डॉक्टर पैसे घेत नव्हते.

माणसं लावणं माझ्याकडे. खोकणारे खिडकीपाशी, तान्ह्या मुलांच्या आया पंख्याखाली, जखमवाले दाराजवळच्या टेबलाशी. एकदा रांग लावली की मग कुणी भांडत नसे.

त्या शुक्रवारी एक जोडपं सारखं मागं सरकत होतं. नंबर आला की मागच्याला जागा द्यायचं. शेवटी मीच गेले.

"काय होतंय?"

तो दाराकडे बघत राहिला. बायकोने बगलेतला पंचा उलगडला. त्यावर लाल डाग होते.

"थुकीतून रगत येतंय, बाई. यांचा थोरला भाऊ खोकूनच गेला. यांनीच गावाकडं निरोप धाडला तशी आले."

ती अंबाडीकडच्या गावाहून आली होती. तो नुकताच लूमवर लागलेला, कामगारांच्या खोलीत राहायचा. खोकल्याचा आजार आहे असं कळलं असतं तर खोलीतल्यांनी त्याचं बोचकं रस्त्यावर ठेवलं असतं आणि शेठने लूम दुसऱ्याला दिला असता. म्हणून त्याने कुणालाच विचारलं नव्हतं.

मी दोघांना सरळ तिघांपैकी छाती तपासणाऱ्या डॉक्टरांसमोर बसवलं. हे डॉक्टर वयाने माझ्याहून लहान, पण आवाज हेडमास्तरांचा.

"या भांड्यात थुंका."

थुंकी पांढरी.

"आज कुठंय रक्त?"

"आज न्हाय! सुट्टीला येतच न्हाय!" तो ओरडला. खडखडाटात राहून लूमवाले सगळे असेच ओरडून बोलतात.

"हळू बोला, मी लूम नाही. आणि रक्ताला शुक्रवारची सुट्टी असते हे मी पहिल्यांदाच ऐकतोय."

बाकावरची माणसं हसली. तो हसला नाही, बायको तर नाहीच. डॉक्टरांनी छाती, पाठ बराच वेळ तपासली. ताप? न्हाय. वजन उतरलं? न्हाय. मग त्यांनी पंचा हातात घेतला.

"हे डाग कधीचे?"

"सोमवारचं."

"सोमवारचं रक्त एव्हाना काळपट पडलं असतं. बाई, जरा पाणी द्या."

मी वाटीत पाणी दिलं. पंच्याचं टोक बुडवलं तसं पाणी रंगपंचमीसारखं गुलाबी झालं.

"लूमवर काय विणता?"

"लाल लुंग्या. आधी पांढरं कापड व्हतं."

"सूत धोट्यात कसं ओवता?"

त्याने मूठ ओठांशी नेली आणि जोरात श्वास ओढला. सगळे तसंच करतात: आडवा दोरा नेणाऱ्या लाकडी धोट्याच्या भोकाला तोंड लावून दोरा ओढून घ्यायचा. पाळीभर तोंडात लाल सूत, मग थुंकी कुठल्या रंगाची असणार?

"शेजारच्या लूमवाल्याला एकदा तरी विचारायचंत! त्याचीही लालच असेल."

"विचारलं असतं तर घालवलं असतं, सायेब."

डॉक्टरांनी तरीही सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला आणि छातीचा फोटो काढायला लावलं. खात्री केल्याशिवाय ते कुणाला बरं म्हणत नसत. तो आठवडा मलाही लांब वाटला.

पुढच्या शुक्रवारी दोघं पहिल्याच बाकावर. डॉक्टरांनी फोटो खिडकीशी धरला, कागद वाचला आणि म्हणाले, "काही नाही. छाती साफ आहे. आता तारेच्या हुकाने सूत ओढायचं."

"तारेनं येळ जातो."

"मग थुंका लाल, आणि घाबरवा बायकोला."

बायकोने तोच पंचा त्याच्या पाठीत हाणला. "घोव पाहिजे का लुंगी, हे मलाच ठरवू द्या!" हॉलभर हसू उठलं. या वेळी तोही हसला.

मी पुढचा पेशंट बोलावणार, तर ती जागची हलेना. गालावर हात ठेवून म्हणाली, "सायेब, आता माझी दाढ बघा. यांच्यापायी बोलले न्हाय, पण लई ठणकतेय."

डॉक्टरांनी टॉर्च मागितला.