महागूचं पोतं आणि पार्षदाचे पेढे

आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात माणूस काही करायला निघाला की आधी त्याचा सत्कार करतात. काही करून आल्यावर करावा, एवढा धीर कुणालाच नाही. या खोडीने महागूची सगळी मेहनत पाण्यात घातली. ते आठवलं की माझं डोकं आजही फिरतं.

महागू माझा शेजारी, नगरपालिकेच्या पाण्याच्या पंपावर नोकरीला. ड्यूटी संपली की बंद पडलेल्या राइस मिलच्या शेडमध्ये पोरापोरींना बॉक्सिंग शिकवतो. धानाच्या कोंड्यात रेती मिसळून त्याने एक पोतं भरलंय आणि ते साखळीने वर टांगलंय. त्यावरच सगळी पोरं ठोसे शिकली. माणूस फार फाटक्या तोंडाचा. पोरं दमलो म्हणाली की शिव्या घालतो, पण कुणाचा ओठ फुटला तर बर्फ आणायला स्वतः पळतो.

त्या पोरींतली मंजू हट्टा गावाहून पहिल्या बसने यायची. जबलपूरच्या निवड स्पर्धेत जिंकली असती तर अकादमीत राहणं, जेवण, शिक्षण सगळं मिळणार होतं. वयाच्या गटातलं हे तिचं शेवटचं वर्ष, आणि बापाने बजावलं होतं की यंदा झालं नाही तर बॉक्सिंग बंद. तिला अठ्ठेचाळीस किलोच्या गटात उतरायचं होतं. धानाच्या मुलखातली पोर, पण महिनाभर तिने भाताला हात लावला नाही. आई म्हणायची, पोरीला कुणाची तरी नजर लागली. निघायच्या दिवशी महागूने तिला एकच सांगितलं होतं: वजनाच्या काट्यावर उभी राहीपर्यंत तोंडात काही जाऊ द्यायचं नाही.

बसस्टँडवर तो पंपावरून थेट येणार होता. बदली माणसाने उशीर केला, आणि तेवढ्यात पार्षद, म्हणजे आमचे नगरसेवक, राकेशभैया बँड घेऊन हजर. सोबत फ्लेक्स. त्यावर भैयांचा चेहरा परातीएवढा आणि मंजूचा कोपऱ्यात, वाटीएवढा. मी तिला सोडायला गेलो होतो. मी म्हटलं, अहो, पोरीचं वजन व्हायचंय. माझं कोण ऐकतं? प्रत्येकाला तिला पेढा भरवतानाचा फोटो हवा होता. आमच्याकडे वडीलधाऱ्याने भरवलेला घास कुणी परत करत नाही, थुंकणं तर दूरच. पोरगी डोळे मिटून गिळत होती. वरून लस्सीचा मोठा ग्लास.

महागू पोचला तेव्हा ग्लास रिकामा झाला होता. त्याने असं तोंड सोडलं की बँडवाले वाजवायचे थांबले. भैया मात्र हसतच होते.

"अरे कोच साब, दो पेढे से क्या होता है?"

काय होतं ते जबलपूरला कळलं. महागूने नंतर सांगितलं, मंजू स्वेटर घालून सकाळी पाय वळेपर्यंत मैदानाला फेऱ्या मारत राहिली. तरी काट्यावर पावशेर जास्तच भरली. वेळ संपली आणि तिचं नाव खोडलं गेलं. रिंगच्या दोरीला तिचा हातसुद्धा लागला नाही.

इकडे भैयांनी निरोप पाठवला, पुढच्या वेळी याहून मोठा कार्यक्रम करू. ऐकून माझ्या अंगाची आग झाली. त्या माणसाला लाज कशाशी खातात ते ठाऊक नाही.

बसस्टँडवरचा फ्लेक्स महागूने उतरवून आणला आणि पोत्याला गुंडाळून सुतळीने शिवून टाकला. भैयांचा चेहरा बरोबर मुठीच्या उंचीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने मंजू आली. बाप नको म्हणाला होता, तरी आली. तिने पोत्याकडे पाहिलं, पण हसली नाही. दोन्ही हातांनी ते फिरवून तिने कोपऱ्यातला स्वतःचा फोटो समोर आणला आणि त्यावरच ठोसे मारायला लागली. ती रडत होती.

"मी काहून गिळलं, काका? मले तोंड बंद ठेवता येत नव्हतं?"

महागूने पोतं धरलं. त्या माणसाला इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"तुयी चूक नाही, बाई. इकडे मार."

आणि त्याने पोतं परत फिरवलं.

मग तिने मारलं. फ्लेक्स फाटला, पोतं उसवलं, भैयांच्या हसऱ्या तोंडातून कोंडा सांडायला लागला. महागू तिला थांब म्हणाला नाही, आणि मीही नाही.